बांबूची फ्लाय-काठी: पहिली कशी निवडावी, तपासावी आणि पाण्यावर न्यावी

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी नसते. पिसं, केस आणि दोरा बांधून केलेली, जवळजवळ वजनच नसलेली माशी ट्राउटच्या डोक्यावर अलगद उतरवायची असते. वजन नसलेली वस्तू लांब फेकता येत नाही, म्हणून इथे दोरालाच वजन दिलेलं असतं. काठी दोर फेकते आणि माशी दोरामागून जाते. काठीने वाकायचं, जोर साठवायचा आणि तो दोराला द्यायचा. १८७०च्या दशकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत या कामात चिरलेल्या बांबूला तोड नव्हती. नंतर फायबरग्लास आलं, १९७०च्या दशकात ग्राफाइट आलं, आणि बांबू हौशी मंडळींच्या हातात उरला. त्या काळच्या हजारो काठ्या आजही अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये माळ्यांवर, लिलावांत आणि जुन्या सामानाच्या दुकानांत सापडतात. त्यातल्या बऱ्याचशा थोड्या मेहनतीने पुन्हा पाण्यावर नेता येतात.

आमचा पहिला आग्रह एवढाच, की नाव बघून काठी घेऊ नका, मोजून घ्या. मोजपट्टी, कापूस आणि दहा मिनिटांचा संयम एवढ्यावर नवखा माणूसही मोठी चूक टाळू शकतो.

काठी आतून कशी असते

ही काठी म्हणजे अख्खा बांबू नव्हे. बांबू उभा चिरून त्याच्या लांब कामट्या काढतात. प्रत्येक कामटी ६० अंशांच्या त्रिकोणात रंधतात आणि अशा सहा कामट्या चिकटवून भरीव षटकोन तयार करतात. सालीची बाजू नेहमी बाहेर. बुरडाचं काम जवळून पाहिलेल्याला याचं कारण सांगावं लागणार नाही: बांबूचा चिवटपणा सालीलगतच्या तंतूंत असतो, आतला भाग भुसभुशीत. शेंड्याच्या टोकाशी समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर जेमतेम १.७ मिलिमीटर असतं आणि मुठीपाशी ते साधारण ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत वाढतं. ही जाडी कुठे किती वाढत जाते यावर काठीचा स्वभाव ठरतो. कारागीर इथे इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवतात.

बांबू येतो चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून. त्याला टोंकिन म्हणतात. त्याची पेरं लांब आणि सरळ असतात, गाठी कमी उठतात आणि तंतूंचा थर जाड असतो. त्याच्या आधी अमेरिकी कारागीर कलकत्त्याच्या बंदरातून आलेला ‘कलकत्ता केन’ वापरत. तो बहुधा आपल्या मेळघाटात आणि गडचिरोलीत वाढणारा मानवेलच असावा असं मानलं जातं. त्याच्या अंगावर भाजल्याचे काळे डाग असत. अशी डागाळलेली काठी दिसली, तर ती टोंकिनच्या आधीच्या काळातली असण्याची शक्यता धरावी. १९५०मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि टोंकिनचा पुरवठा तुटला. फायबरग्लासचा मारा आधीच सुरू झाला होता. त्यातून मोजकेच कारखाने तगले.

काठी दोन किंवा तीन तुकड्यांची असते. खाली बुंधा, वर शेंडा, आणि तीन तुकड्यांच्या काठीत मध्ये एक तुकडा. चांगल्या काठीला दोन शेंडे देत, कारण सगळ्यात आधी मोडतो तो शेंडा. म्हणून वर्णनात ‘तीन तुकडे, दोन शेंडे’ असं वाचायला मिळतं. तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळीला फेरूल म्हणतात. खालच्या तुकड्यावर पोकळ मादी फेरूल आणि वरच्यावर तिच्यात घट्ट बसणारं नर फेरूल. चांगली फेरूल निकेल-सिल्व्हरची असतात. नावात सिल्व्हर असलं तरी हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. स्वस्त काठ्यांत पितळेवर मुलामा असतो आणि तो घासून पिवळा दिसू लागतो. दोर ओवायच्या कड्या रेशमी दोऱ्याच्या वेढ्यांनी बांधलेल्या असतात आणि त्यावर व्हार्निशचा हात असतो. मूठ बुचाची. तिच्याखाली रील, म्हणजे दोर गुंडाळायची चकरी, बसवायची बैठक.

कोणती घ्यावी

सुरुवातीला साडेसात ते साडेआठ फुटांची, पाच किंवा सहा नंबरचा दोर (मोठा नंबर म्हणजे जड दोर) फेकणारी काठी शोधा. साडेसात फुटी काठीचं वजन साधारण १०० ते १२० ग्रॅम भरतं. नऊ फुटी जुन्या काठ्या भरपूर मिळतात आणि स्वस्तही असतात, पण दिवसभर फेकून मनगट भरून येतं आणि नवखा माणूस दोष बांबूला देतो. आखूड काठ्यांना मागणी जास्त, म्हणून त्या महाग.

कारखान्यात बनलेल्या पण मनापासून बनवलेल्या काठ्या पहिल्या खरेदीसाठी उत्तम. डेन्व्हरच्या ग्रेंजर आणि फिलिप्सन, मिशिगनमधल्या डोवाजियाकची हेडन, व्हर्माँटमधल्या मँचेस्टरची ऑर्व्हिस, इंग्लंडमधल्या अॅनिकच्या हार्डीची ‘पॅलाकोना’. ऑर्व्हिसने १९४०च्या दशकात बांबूत बेकेलाइटचं रेझिन मुरवण्याची पद्धत आणली. अशा काठीत पाणी शिरत नाही आणि कांडीला, म्हणजे बांबूच्या दांड्याला, व्हार्निशही लागत नाही, म्हणून दमट हवेत राहणाऱ्याने तिचा विचार आधी करावा. माँटेग्यू आणि हॉरॉक्स-इबॉटसन यांनी प्रचंड संख्येने काठ्या काढल्या. त्यात चांगल्या निघतात आणि ओबडधोबडही, म्हणून प्रत्येक काठी स्वतंत्र तपासावी लागते. लेनर्ड, पेन, गॅरिसन, पॉल यंग ही संग्राहकांची नावं आहेत. पेन किंवा गॅरिसनची किंमत हजारो डॉलरांत जाते. हात बसल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा. लाकडी पेटीत, मखमलीवर मांडलेली, बऱ्याच तुकड्यांची, माश्यांच्या डबीसह येणारी जपानी काठी. महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी अशा पेट्या भेट म्हणून घरी नेल्या. पेटी देखणी असते, पण फेरूल मऊ, कांडी लिबलिबीत. भिंतीवर शोभेल, दोर फेकणार नाही.

हातात घेतल्यावर काय तपासायचं

आधी लांबी मोजा. प्रत्येक तुकडा टोकापासून टोकापर्यंत, एक अष्टमांश इंचापर्यंत नेमका, आणि आकडे लिहून काढा. दोन्ही शेंडे एकसारखे भरले पाहिजेत, आणि बहुतेक काठ्यांत ते मधल्या तुकड्याच्याही बरोबरीचे असतात. आठ फुटी, तीन तुकड्यांच्या काठीचा प्रत्येक तुकडा साधारण साडेबत्तीस इंच येईल. तीन साडेबत्तीस म्हणजे साडेसत्याण्णव, काठी तर शहाण्णव इंची. वरचा दीड इंच दोन फेरूलांच्या आत बसणारा. विक्रेता आठ फुटी म्हणतो आणि एक शेंडा तीस इंचच भरतो, तर तो मोडून पुन्हा टोककडी बसवलेली आहे. इंचभर कमी असेल तर मासेमारीला अडत नाही, किंमत मात्र खाली आली पाहिजे. तीन इंच गेले असतील तर काठीचा सगळ्यात नाजूक भागच गेला. ती पुढे ताठ वागणार, बारीक टिपेट (माशी बांधायचा टोकाचा बारीक धागा) तोडणार. ती घेऊ नका.

मग फेरूल. आमच्या मते काठीची निम्मी किंमत इथे ठरते. जोडण्याआधी मादीच्या तोंडाची कड भिंगातून बघा, उभी चीर आहे का. चीर असेल तर फेरूल बदलावं लागेल, आणि तेवढ्याच मापाचं मिळवणं, बसवणं यात काठीच्या किमतीइतका खर्च होऊ शकतो. नंतर जोडा. नर सरकताना सगळ्या लांबीत सारखा, मलईदार विरोध जाणवला पाहिजे आणि वेगळं करताना बाटलीचं बूच निघावं तसा ‘पॉप्’ आवाज आला पाहिजे. सैल फेरूल हा आवाज देत नाही. आता जोडलेली काठी हलकेच झुलवा, अंगठा आणि तर्जनी सांध्यावर ठेवून. टिकटिक लागली, तर ती कुठून येते हे बोटांनी शोधा. धातू धातूवर हलतोय म्हणजे फेरूल झिजलं. वेढ्यांच्या खाली, बांबू आणि धातूच्या मध्ये हलतंय म्हणजे आतला डिंक सुटला. दुसरं काम सोपं आणि स्वस्त आहे, पहिलं नाही.

तिसरी गोष्ट, कामट्यांमधल्या जोडरेषा. तुकडा खिडकीपाशी धरा आणि सहाही कडांमधून नजर फिरवा. काळी बारीक रेघ दिसली तर तिथे नख फिरवून बघा. तुकडा दोन्ही हातांत धरून अगदी थोडा पिळा, कामट्या एकमेकींवर सरकतात का ते कळेल. जुन्या काठ्यांत जनावरांच्या कातड्यापासूनचा सरस असे. पाणी मुरलं की तो हरतो. सुटलेली रेघ दोन-चार इंचांची असेल तर कारागीर ती पुन्हा चिकटवून दोऱ्याने आवळून देतो. अख्खा तुकडा सुटला असेल तर सोडून द्या. याच वेळी षटकोनाच्या कडा बोटाने चाचपा. त्या टोकदार हव्यात. गोल झाल्या असतील तर कोणीतरी जुनं व्हार्निश काढताना सॅंडपेपर मारला आहे, आणि त्याबरोबर सालीलगतचे तंतूही गेले. गेलेले तंतू कोणत्याही व्हार्निशने परत येत नाहीत.

चौथी, बाक. तुकडा बंदुकीसारखा डोळ्याशी धरा आणि हळूहळू फिरवा. शेंड्यात अर्धा इंच बाक जुन्या काठीत चालून जातो. काठीने दोर फेकताना तो जाणवतही नाही. मधल्या तुकड्यात एका ठिकाणी अचानक कोन दिसला तर तिथे आतून तंतू तुटलेत असं समजा.

बाकीचं भराभर बघता येतं: गंजलेल्या कड्या, सुटलेले वेढे, उंदराने कुरतडलेलं बूच. हे सगळं दुरुस्त होतं. बुंध्यावर, मुठीच्या वर असलेलं जुनं अॅगेटचं (अकीक दगडाचं) कडं तडकलं असेल तर मात्र दोर कापतं, ते आधी बदला.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे चार गोष्टी मागा: प्रत्येक तुकड्याची इंचातली लांबी, मादी फेरूलच्या तोंडाचा जवळून काढलेला फोटो, सरळ पट्टीला टेकवलेले तुकडे, एकदा तसे आणि एकदा पाव फेरी फिरवून, आणि नावाच्या शिक्क्याचा फोटो. देणार नाही म्हणाला तर पुढे जा. नाव नंतर डकवलेलं असू शकतं, म्हणून फेरूल, बैठक आणि मूठ त्याच कारखान्याच्या खात्रीच्या नमुन्यांशी ताडून बघावी.

साफसफाई, आणि कुठे थांबायचं

बऱ्याचदा ‘घट्ट’ किंवा ‘सैल’ वाटणारं फेरूल नुसतं मळलेलं असतं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मादीच्या आतून फिरवा. पहिल्या दोन-तीन काड्या काळ्याकुट्ट निघतील, कधी हिरवट. काडी पांढरी येईपर्यंत काड्या बदलत राहा. नर मऊ फडक्याने पुसा. अल्कोहोलचा थेंब व्हार्निशवर पडू देऊ नका, जुनं व्हार्निश विरघळून चिकट होतं. सफाईनंतरही नर दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहत असेल तर जोर लावू नका. चार शून्यांच्या पोलादी लोकरीने एक-दोन हलके फेर पुरे, आणि प्रत्येक फेरानंतर बसवून बघा. काढलेला धातू परत लावता येत नाही. तेल तर कधीच लावू नये. ते धूळ धरतं आणि तीच धूळ फेरूल झिजवते.

कांडी ओलसर फडक्याने, साबणाच्या फेसाच्या स्पर्शाने पुसा आणि लगेच कोरडी करा. चकाकी हवी म्हणून सगळी काठी खरडून नवं व्हार्निश लावण्याचा मोह आवरा. नावाजलेल्या काठीचं मूळ व्हार्निश आणि मूळ वेढे हेच तिचं मोल असतं. कोणी नवं केलेलं दिसलं की संग्राहक किंमत पाडून मागतो, आणि ते योग्यच आहे.

जोडणं आणि वेगळं करणं

आधी शेंडा मधल्या तुकड्यात, मग ती जोडी बुंध्यात. दोन्ही हात सांध्याच्या अगदी जवळ. कड्या एका ओळीत आल्या आहेत हे आधीच नजरेने जुळवून घ्या आणि सरळ ढकला. फिरवून बसवायचं नाही: पिळाने कामट्यांचा डिंक फाटतो. कड्यांना धरून तर अजिबात नाही.

सांधा अडकला तर बैठक मारून बघा. काठी गुडघ्यांच्या मागे आडवी धरा, हात सांध्याच्या दोन बाजूंना, मांड्यांच्या बाहेर, कोपर सरळ, आणि गुडघे हळूहळू बाहेर ढकला. पायांचा जोर एकसारखा आणि सरळ रेषेत पडतो, हातांचा पडत नाही. तेवढ्यानेही सुटलं नाही तर मादीभोवती तळहात काही वेळ दाबून ऊब द्या. ती किंचित फुगते. लायटर किंवा उकळतं पाणी लावाल तर आतला डिंक सुटेल, आणि फेरूल बांबूवरून निघून येईल.

दोर जुळवणं

जुन्या काठ्यांच्या काळात दोराला नंबर नव्हते, अक्षरं होती, आणि ती जाडी सांगत. ए म्हणजे इंचाचे साठ हजारांश, आणि एचपर्यंत पुढचं प्रत्येक अक्षर पाच हजारांशाने बारीक. काठीवर किंवा कॅटलॉगमध्ये ‘एच-डी-एच’ दिसलं तर दोन्ही टोकं बारीक, मध्ये जाड, आजच्या भाषेत डबल टेपर ६. ‘एच-ई-एच’ म्हणजे पाच, ‘एच-सी-एच’ म्हणजे सात. १९६०च्या दशकात वजनावर आधारलेले नंबर आले. पहिल्या ३० फूट दोराचं वजन पाच नंबरला १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम, आणि सहाला १६० ग्रेन, म्हणजे १०.४ ग्रॅम.

काठीवर काहीच लिहिलं नसेल तर गवतावर जा. पाच आणि सहा, दोन्ही डबल टेपर दोर बरोबर ठेवा, टोकाला नऊ फुटी लीडर (दोराला जोडायचा निमुळता पारदर्शक धागा) आणि गळाऐवजी लोकरीचा तुकडा. तीस फूट दोर बाहेर काढून फेका. काठी मेल्यासारखी, नुसती सरळ राहत असेल तर जड दोर लावा. मुठीपर्यंत वाकून दोर मागे गळून पडत असेल तर हलका. जी काठी वाकल्याचं मनगटाला सांगते आणि दोर सरळ उलगडते, तिचा दोर तो. एकदा कळलं की पिशवीच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा.

ग्राफाइटवरून आलेले लोक इथे घाई करतात. बांबू सावकाश वळतो आणि सावकाश सरळ होतो. मागे फेकलेला दोर पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, मग पुढे आणा. दोर मागे उलगडतोय हे मान वळवून बघायला लाज नको. बांबूचं खरं क्षेत्र २० ते ४० फूट. त्यापुढे हट्टाने फेकल्यास बुंधा दुखावतो.

पाण्यावर

पाच नंबरच्या काठीला १२ ते १८ नंबरच्या गळावरच्या तरंगत्या माश्या शोभतात, अॅडम्ससारख्या. टिपेट ५एक्स, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. बारीक टिपेट हा काठीचा फ्यूज आहे: ओढ जास्त झाली तर काठीआधी तो तुटावा. शिसं घातलेल्या जड माश्या टाळा. फेकताना त्या शेंड्याला थडकल्या की सालीवर खोच पडते, आणि पुढे कधीतरी तिथेच मोडतं.

गळ झाडात किंवा दगडात अडकला तर काठी वाकवून ओढू नका. काठी अडकलेल्या दिशेने सरळ धरा, दोर हातात घ्या आणि हाताने ओढा. मासा लागला तर काठी साधारण ४५ अंशांत ठेवा. शेंडा डोक्याच्या मागे नेऊन जवळचा मासा उचलणं हा शेंडे मोडण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग आहे. मासा जाळीत घ्या, काठीने उचलू नका. मोठा मासा खेळवताना काठी मधूनच उलटी करून कड्या वर घ्याव्यात, म्हणजे बाक एकाच बाजूला बसत नाही. दोन शेंडे असतील तर एक दिवस हा, एक दिवस तो.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना कॅट्सकिल डोंगरांतल्या बीव्हरकिल आणि विलोवीमॉक या नद्या गाडीने जवळ आहेत. न्यू यॉर्क राज्याचा परवाना १६ वर्षांपासून पुढे लागतो. लिव्हिंग्स्टन मॅनरच्या फ्लाय फिशिंग संग्रहालयात जुन्या काठ्या जवळून बघायला मिळतात, आणि खरेदीआधी एक चक्कर तिथे मारावी. भारतात ट्राउटसाठी काश्मीरची लिद्दर आणि हिमाचलची तीर्थन. दोन्हीकडे मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि थंडीत, प्रजननाच्या काळात, बंदी असते. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांतला महासीर ही वेगळीच ताकद आहे, त्याच्यासाठी पाच नंबरचा बांबू काढू नये. समुद्रावरही नको: मीठ कड्या आणि पितळी भाग खातं.

घरी आल्यावर

काठी लगेच पुसा, फेरूल वेगळी करा आणि रात्रभर खोलीत मोकळी टांगा. ओली काठी पिशवीत, पिशवी नळीत आणि नळी बंद, असं एका रात्रीसाठीही करू नका. सकाळी व्हार्निशवर पिशवीच्या विणीचा ठसा उमटलेला आणि कदाचित बुरशीही दिसेल. कोरडी झाली की सुती पिशवीत घाला आणि पिशवी तिच्या नाडीने कपाटात उभी टांगा. भिंतीला टेकवलेली काठी वर्षभरात बाक घेते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात नळीत सिलिका जेलची पुडी टाकून दर पंधरा दिवसांनी ती बदला आणि उन्हाळ्यात नळी गाडीच्या डिकीत कधीही सोडू नका.

संग्रह वाढणार असेल तर प्रत्येक काठीची वही ठेवा: तुकड्यांची लांबी, फेरूलची मापं, दर पाच इंचांवर मायक्रोमीटरने घेतलेली जाडी, कोणता दोर चालतो, कोणतं वेढं कधी बदललं, कोणाकडून आली.